तेलाची पट्टी

आमच्या मावशीइतकी हट्टी बाई अख्ख्या कोल्हापुरात दुसरी नव्हती; कुणाला पटत नसेल तर त्यानं खुशाल माझ्याशी भांडायला यावं. मावशी गावातल्या एका दवाखान्यात नर्स होती आणि माणसाचं नावगाव विचारण्याआधी त्याची कातडी बघायची. भेगाळलेली टाच, सोललेलं कोपर, चहानं पोळलेली बोटं, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. पिशवीत उकळून गार केलेल्या तेलाच्या दोन बाटल्या कायम. खरजेला करंजेल, भाजलेल्याला खोबरेल. शेजारच्या मुलीच्या लग्नात नवरदेव लंगडत मांडवात शिरला. नवी कोरी चप्पल चावली होती. मावशीनं त्याला दारातच अडवलं. "पावणं, आधी टाच दाखवा!" मुहूर्त टळतोय म्हणून भटजी ओरडायला लागले, तर त्यांच्यावरच डाफरली, "मुहूर्ताला पू होत न्हाय, टाचेला होतो!" आणि पट्टी बांधूनच त्याला सोडलं.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी दवाखान्यात नवा डॉक्टर आला. हुशार, पण भलताच पुस्तकी. वॉर्डात तेल दिसलं तर नोकरी गेली समजा, असं त्यानं बजावलं. त्याच आठवड्यात कोडोलीकडचा एक गुळव्या दाखल झाला. गुऱ्हाळात उकळता रस त्याच्या उजव्या हातावर उडाला होता. पाक बोटांत धरून गूळ झाला की नाही हे सांगायचं, हेच त्याचं काम. बोटं आखडली असती तर घर उपाशी बसलं असतं. पण रोजची कोरडी पट्टी जखमेला चिकटायची आणि ओढली की नवी कातडी घेऊनच निघायची. एवढा दांडगा गडी, पण गुरासारखा ओरडायचा.

मावशीनं तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवशी ऐन राउंडच्या वेळी, डॉक्टरच्या नाकासमोर, तिनं जखम धुतली आणि तेलात भिजवलेल्या पट्टीनं एकेक बोट वेगळं गुंडाळलं.

"सिस्टर, हे काय?"

"खोबरेल हाय. चिकटत न्हाय."

डॉक्टरनं माफीनामा मागितला. पुन्हा तेल लावणार नाही, असं लिहून द्यायचं होतं. मावशीनं टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'तेल लावलं. उद्याही लावणार.' खाली झोकात सही! वरून बडतर्फीचा हुकूम यायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत तिनं एक दिवस चुकवला नाही. शेवटच्या सकाळी ती गुळव्याला म्हणाली, "मूठ मिट." करंगळी जरा अडखळली, पण मूठ मिटली.

"बाई, बोटं वळत्यात की!" तो रडायलाच लागला.

"मग रडतोस कशाला?" असं खेकसून मावशीनं स्वतःचेच डोळे पदरानं पुसले.

पुढं तिला कुठल्याच दवाखान्यानं घेतलं नाही. दुपारी ती नुसती खिडकीशी बसून राहायची. ते मला बघवेना. एकदा चिडून मी म्हणालो, "मावशी, दोन ओळींची माफी लिहिली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"त्याचा हात," ती म्हणाली. जन्मभर चढ्या आवाजात बोललेली ती बाई हे इतकं हळू बोलली, की मी पुन्हा कधी विचारलं नाही.