गोजरबाईचं कोरडं फडकं

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाहेर, सेनगावच्या रस्त्याला एक आखाडा आहे. शेतातलं घर, गोठा, खळं आणि बाजूला टिनाची शेड, एवढ्याला आमच्याकडं आखाडा म्हणतात. त्या शेडमध्ये एक अमेरिकन मोटार उभी होती, आणि तिला रोज सकाळी फडकं मारणारी एक बाई होती. गोजरबाई तिचं नाव. मी गेलो होतो मोटारीचे फोटो काढायला.

मी एस.टी.च्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काम केलं. बसचा पत्रा घासायचा, अस्तर मारायचं, रंग द्यायचा. रंग देणं सोपं. खरी मेहनत घासण्याची. घासण्यात आळस केला तर सहा महिन्यांत रंग पापुद्रे सोडतो आणि आळस कोणाचा होता ते सगळ्या डेपोला कळतं. रिटायर झाल्यावर गोरेगावच्या प्रमोदची जीप मी रंगवून दिली होती. हा प्रमोद आखाड्यावर हळद पॉलिश करायचा ढोल चालवतो. ट्रॅक्टरवर ढोल फिरतो, आत वाळलेली हळद एकमेकीवर घासते आणि पिवळी धूळ सगळ्या आवारात बसते. होळीच्या आधी त्याचा फोन आला.

"काका, फोटो काढता येतात का तुमाला?"

"कशाचे?"

"मोटारीचे. मालकाला पुण्याला पाठवायचेत. मी दोन पाठवले तर म्हणला, गाडी कुठंय, नुसती पोतीच दिसून राहिली. गाडीतलं कळणारा माणूस पाहा म्हणला."

मालक म्हणजे विजयकुमार. आजोबाची जमीन त्याच्याकडं आलेली, राहणं पुण्याला. जुन्या गाड्या जमवणारा हैदराबादचा एक जण त्याला भेटला होता. त्याला चारी बाजूंचे फोटो हवे होते. पसंत पडली तर तो गाडी नेणार. नाही पडली तर भंगारवाला येऊन जागेवरच गॅसकटरनं कापणार. प्रमोदला पोत्यांसाठी शेड पाहिजे होती, त्यामुळं त्याला दोन्ही चालत होतं.

माझ्याकडं लेकीनं, शीतलनं, दिलेला मोबाईल आहे. फोटो बरे येतात. हिंगोलीहून जीपनं गेलो.

गाडी पॅकार्ड कंपनीची होती. समोरची जाळी उंच, वरच्या अंगाला बैलाच्या जुवासारखी वाकलेली. बॉनेटच्या टोकाला मान खाली घातलेला एक पक्षी, बगळ्यासारखा. पुढच्या मडगार्डात दोन्हीकडं एक एक जादा चाक बसवलेलं. आतल्या पाटीवर डेट्रॉइट शहराचं नाव. हवा गेलेली चारी चाकं जमिनीला टेकली होती. मी बसचा पत्रा हाताळलेला माणूस. पॅकार्डच्या दारावर बोट वाजवून पाहिलं. आवाज भरीव आला. असा जाड पत्रा मी कधी घासला नव्हता.

"हात लावून राहिले ते कोन हायेत रे परमोद?" मागून आवाज आला.

"फोटोवाले काका हायेत अक्का. तुमच्या नवरीला पाहुणे येनार हायेत, म्हणून फोटो काढायचेत."

"नवरीला बोट वाजवून पाहत्यात व्हय? मटकं हाय का ते?"

ही गोजरबाई. सत्तरीची, बुटकी, हातात जुन्या लुगड्याच्या धडप्याचं फडकं. तिचा नवरा नरसिंग ही मोटार चालवायचा. मोटार बाहत्तरच्या दुष्काळापर्यंत फिरली, मग उभी राहिली. नरसिंग वारल्यावर म्हाताऱ्या मालकानं, म्हणजे विजयकुमारच्या आजोबानं, गोजरबाईला आखाड्यावरची एक खोली दिली आणि काम सांगितलं. रोज सकाळी मोटारीला फडकं मारायचं. पाणी लावायचं नाही, गंजेल. हे ब्याऐंशी साली. दोन वर्षांनी म्हातारा मालकही गेला. काम थांबव असं नंतर कोणी सांगितलं नाही, म्हणून तिनं थांबवलं नाही.

"एक दिस चुकला न्हाई," ती म्हणाली. "लेकीच्या लग्नाच्या दिवशी बी फडकं मारूनच मांडवात गेले. मालकानं फोटो पाहिल्यावर त्याला कळंल, ठेवली कशी ते."

तिला एवढंच पाहिजे होतं. गाडी कापली जाऊ नये, आणि कोणी तरी पाहून म्हणावं, नीट ठेवली.

फोटोच्या आधी आणखी एक हात मारते म्हणाली आणि डाव्या बाजूच्या मागच्या दाराला लागली. मी चार पावलांवर होतो. मला आवाज आला. बारीक, खर्र खर्र. वर्कशॉपात पॉलिश पेपर पत्र्यावर फिरतो तेव्हा येतो तोच.

मी जवळ जाऊन पाहिलं. दारावर अर्धगोल पडले होते, हात फिरतो त्या वळणाचे. काळा रंग पातळ झालेला, मधोमध गेलेला. तिथं खालचं अस्तरही संपून ताटाएवढा पत्रा उघडा पडला होता. रोज हात फिरून त्याला चमक आली होती. तिच्या खांद्याच्या उंचीपर्यंत हीच गत. त्याच्या वर, जिथं तिचा हात पोचत नव्हता, तिथं रंग शाबूत.

"कधीचं हाय हे?" मी विचारलं.

"जुनं झालं की रंग जातोच की भाऊ. माणसाचे केस जात्यात."

उजवी बाजू भिंतीकडं होती. तिकडं पूर्वी कडबा रचायचे, आता प्रमोदची पोती. त्या फटीत कोणी कधी शिरलं नव्हतं. प्रमोदनं आणि मी अकरा पोती बाहेर काढली. तिकडच्या पत्र्यावर बोटभर धूळ होती. मी फडकं पाण्यात बुडवलं.

"पानी नका लावू! मालकानं मना केलं हाय."

"एकाच जागी लावतो अक्का."

धूळ आधी भिजू दिली, मग पाणी सोडून वाहवली, मग हलक्या हातानं पुसलं. आतून काळा रंग निघाला. खोल, विहिरीतल्या पाण्यासारखा. माझं तोंड त्यात दिसलं. माझ्या मागं गोजरबाईचंही दिसलं.

तिनं जवळ येऊन त्या काळ्या रंगावर बोट टेकवलं.

"ही बाजू तर म्या कधी पुसलीच न्हाई," ती म्हणाली.

"म्हणून तर टिकली!" प्रमोद हसला. "अक्का, तुमी चाळीस साल आराम केला असता तर गाडी नवी राहिली असती."

"तू गप रे. भाऊ, तुमी सांगा. माझ्या हातानं झालं का ते?"

"भिंतीकडची बाजू हाय," मी म्हणालो. "ऊन लागलं न्हाई, म्हणून राहिली."

हे खोटं होतं. उन्हानं गेला असता तर तिच्या खांद्याच्या वरचाही रंग गेला असता.

आणि मी दुसरी लबाडी केली. समोरचे, मागचे, उजवीकडचे फोटो चांगल्या उजेडात काढले. डाव्या बाजूसाठी साडेपाचपर्यंत थांबलो. तोवर सावली दाट झाली आणि दारावरची ती जागा फोटोत दिसेनाशी झाली. सव्वीस फोटो काढले, सव्वीसही पाठवले. परतीच्या जीपमध्ये मनाला बरं वाटत नव्हतं. वर्कशॉपात कोणी भोकावर नुसती पुट्टी थापून वरून रंग मारला तर मी त्याला सगळ्यांसमोर परत घासायला लावायचो. आज मी तेच केलं होतं.

चार दिवसांनी विजयकुमारचा फोन आला. बोलणं नीट, घाईचं.

"काका, फोटो छान आहेत. पण डाव्या बाजूचे अंधारात आलेत. हैदराबादच्या त्या गृहस्थांना तेवढी बाजू उजेडात पाहायची आहे. काही लपवलंय का, असं विचारत होते."

"पुन्हा काढतो," मी म्हणालो.

या वेळी सकाळीच गेलो. दहाच्या सुमाराला शेडच्या उघड्या तोंडातून ऊन थेट डाव्या दारांवर येतं. गोजरबाई गाडीपाशी बसली होती. शेजारी पाण्याची बादली. उजवी बाजू तिनं सगळी धुऊन काढली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर हात पोचावा म्हणून दोन पोत्यांवर चढली असणार, पोती दबली होती.

"तुमच्यासारखंच केलं," ती म्हणाली. "आधी भिजवलं, मंग सोडलं, मंग पुसलं. रंग निघाला न्हाई. आता खरं सांगा. त्या दिवशी तुमी तोंड फिरवून बोलले."

मी सांगितलं. मातीची धूळ असते, वर हळदीच्या टरफलाची. ती कोरडी पुसली की फडक्याखाली पॉलिश पेपरचं काम करते. एका दिवसात काही होत नाही. हजार दिवसांत चमक जाते. चाळीस वर्षांत पत्रा लागतो.

"मंग मालकानं काहून सांगितलं तसं?"

"त्याला गंजाची भीती होती. गंज लागला न्हाई. ते बराबर हाय."

"म्हंजे अर्धं काम बराबर झालं."

"व्हय. अर्धं."

"तुमच्या वर्कशॉपात अर्ध्या कामाला काय म्हणायचे?"

"पुन्हा करा म्हणायचे."

ती हसली. मग पदरानं तोंड पुसलं आणि हसणं तिथंच संपलं.

"काढा फोटो," ती म्हणाली. "उजेडात काढा. त्या मान्साला दिसू द्या. पर हे बी लिहा की बाईनं मुद्दाम न्हाई केलं."

मी काढले. त्या जागेचा जवळूनही एक काढला. पाठवताना खाली लिहिलं: रोज कोरड्या फडक्यानं पुसल्यामुळे रंग गेला आहे, पोचा नाही, गंज नाही, पुसणारीची चूक नाही, तिला तसंच सांगितलं होतं. एवढं लिहायला मला पंधरा मिनिटं लागली.

मग आम्ही बसून राहिलो. प्रमोदनं ढोल बंद केला आणि चहा आणला. गोजरबाईनं चहा घेतला नाही, मोबाईलकडं पाहत राहिली. तासाभरानं तो वाजला. मी आवाज मोठा केला.

"पसंत आहे त्यांना," विजयकुमार म्हणाला. "होळी झाली की लॉरी पाठवतायत."

"कापनार न्हाईत ना?" गोजरबाईनं विचारलं.

"नाही हो आजी. दुरुस्त करणार, चालवणार."

"आन डाव्या अंगाचं काय म्हणले?"

"काही नाही. रंग तर सगळाच काढणार आहेत ते. पत्र्यापर्यंत खरवडून नवा देणार. त्यांना काय, डावं असो की उजवं."

"उजवं बी काढनार? ते तर चांगलं हाय."

"सगळं काढतात आजी. तशीच पद्धत असते."

"व्हय," ती म्हणाली. "बरं."

फोन बंद झाला.

"सुटल्या ना अक्का!" प्रमोद म्हणाला. "गाडी बी वाचली आन कोनी बोल बी लावला न्हाई."

ती सुटल्यासारखी दिसत नव्हती. बोल लावला असता तर निदान कोणी तरी तिचं काम पाहिलं असतं. मीही एकतीस वर्षं बसचा जुना रंग खरवडला. तो कोणी दिला होता, किती दिवस लावून दिला होता, हे एकदाही विचारलं नाही. खालचा हात कोणाचा ते न पाहता घासत गेलो. पद्धत तशीच असते.

प्रमोद ढोलाकडं गेला. गोजरबाई उठली.

"भाऊ, एक माझ्यासाठी काढा."

मला वाटलं, समोर उभी राहील, त्या पक्ष्याशेजारी. बायकामाणसं अशीच उभी राहतात. मी तिकडं निघालो तर ती डाव्या मागच्या दाराशी थांबलेली. उघड्या पत्र्यावर तिनं उजवा तळवा टेकवला. बोटं पसरली तरी ती जागा हाताच्या चारी बाजूंनी उरत होती.

"तोंड नको," ती म्हणाली. "एवढंच घ्या."

ऊन बरोबर हातावर होतं. मी सात फोटो काढले. सहाव्यात बोटांच्या शिरा आणि पत्र्यावरचे अर्धगोल दोन्ही स्पष्ट आले. तो ठेवला.

होळीनंतर लॉरी आली. गाडी ट्रॅक्टरनं ओढून फळ्यांवरून चढवली. पाच माणसं, पावणेदोन तास. मी होतो तिथं, मागून पाचर लावत होतो. गोजरबाईनं चाकांवर पाणी घातलं, हळदी-कुंकू वाहिलं आणि लॉरी रस्त्याला लागायच्या आत खोलीत गेली. शेडमध्ये जमिनीवर गाडीच्या आकाराची कोरडी, पांढरी माती उरली. दुसऱ्या दिवशी तिथं पोती आली.

फोटो मी हिंगोलीत मोठा करून घेतला. स्टुडिओवाला म्हणाला, यात चेहराच नाही, काय आहे हे? मी म्हणालो, काम आहे. काचेची चौकट करून गोरेगावला नेऊन दिली.

गोजरबाईनं चौकट मांडीवर घेतली. काचेवर रस्त्याची धूळ बसली होती. तिनं कमरेचं फडकं काढलं, काचेपर्यंत नेलं आणि हात तिथंच थांबवला.

"भाऊ, हे वल्ल्यानं पुसायचं का कोरड्यानं?"

"काच हाय अक्का. दोन्ही चालतं."

तरी ती उठली आणि फडकं भिजवून आणलं.