दीड तास मागे

वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला की मुरबे गावातल्या आमच्या अंगणात ओल्या हातांनी फोन धरून बसलेली आई दिसते. भाऊ दुबईला बोटीवर कामाला होता. तिकडून येणाऱ्या एका गाववाल्याच्या हाती त्याने तिला स्वस्तातला स्मार्टफोन पाठवला, कुठलंही सिम चालणारा. आमचं सिम चाललं, पण घड्याळ तिकडचंच राहिलं, आपल्यापेक्षा दीड तास मागे. मी ते बदलायला गेले, तर तिने फोनच काढून घेतला. "राऊ दे गो. तो आता जेवाय बसला असंल, यात दिसतं हाय मला." त्या घड्याळापायी पालघरच्या बाजाराची रिक्षा तिची दोनदा चुकली, तरी तिने त्याला हात लावू दिला नाही. मग बोटीवरच्या अपघातात भाऊ गेला. तेरावं झाल्यावर, तिला सारखी आठवण नको म्हणून, मी गुपचूप आपली वेळ लावली. दुपारी टोपली उतरवून तिने फोन पाहिला, मग उन्हाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तिथं किती वाजले, ते आता मला कसं कलनार?" मी लगेच घड्याळ पुन्हा मागे केलं, पण त्यानंतर तिने त्यात कधी वेळ पाहिली नाही. आता आईही नाही. फोन माझ्याकडे आहे, आणि जेवायला बसण्याआधी मी त्यात वेळ पाहते.