पुलावर उघडलेला रोल

पासष्ट सालच्या ऑगस्टमध्ये आमच्या कंपनीला सरहद्दीकडं हलायचा हुकूम आला. मी तेव्हा नायक होतो, दोन नंबर सेक्शनचा कमांडर. नऊ गाड्यांचा कॉन्व्हॉय हैदराबादच्या बाजूनं सोलापूरकडं निघाला, पुढं रेल्वे होती. माझ्या सेक्शनमध्ये दहा जवान. त्यातला शिपाई दिगंबर उस्मानाबाद जिल्ह्यातला, जळकोटच्या अलीकडच्या एका वाडीचा. मीही त्याच जिल्ह्यातला, पण वाशीकडचा. गाववाला म्हणून मी त्याला कधी सवलत दिली नाही, आणि त्यानंही मागितली नाही.

साडेपाचला चहा. सहाला गाड्या सुरू. दर दोन तासांनी दहा मिनिटांचा हॉल्ट. ड्रायव्हरनं टायर बघायचे, जवानांनी पाय मोकळे करायचे, दोन्ही टोकांना संत्री पहाऱ्याला उभे करायचे. फौजेतला बहुतेक वेळ असाच जातो.

सकाळी ९.४० वाजता तिसऱ्या गाडीचा फॅन बेल्ट तुटला. जागा नेमकी दिगंबरच्या वाडीजवळच्या पुलाच्या तोंडाशी. सुभेदार साहेबांनी अर्ध्या तासाचा हॉल्ट दिला. दहा मिनिटांत सगळी वाडी रस्त्यावर आली. बायकांनी गाड्यांना झेंडूच्या माळा बांधल्या. दिगंबरची आई, सोजराबाई, फडक्यात धपाटे बांधून धावत आली. तिचं दुसरं कुणी नव्हतं. लेकाशी बोलायचं सोडून ती आधी सगळ्या सेक्शनला वाढायला लागली.

त्या गर्दीत गफूरभाई होते. बाजाराच्या दिवशी पडदा टांगून फोटो काढणारे, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांच्या पेटी-कॅमेऱ्यात बारा फोटोंचा रोल बसायचा, आणि बारा पुरे झाल्याशिवाय ते रोल धुवायचे नाहीत. रोल अर्धा धुणं म्हणजे अर्धा फेकणं, असा त्यांचा हिशेब. जूनमध्ये दिगंबर रजेवर आला होता, तेव्हा त्यांनी त्याचा एक फोटो काढला होता. वर्दीत, आईशेजारी. मायलेकांचा एकत्र असा जन्मातला पहिला फोटो. तो दोन महिने कॅमेऱ्यातच होता, कारण रोलमध्ये एक जागा रिकामी होती.

त्या दिवशी गफूरभाईंनी ती जागा भरली. फुलांनी सजलेल्या गाड्या, मागं पूल. खटका दाबला आणि सोजराबाईला ओरडून सांगितलं, "रोल पुरा झाला, बाई! उद्या धुतो, परवा फोटो तुमच्या हातात!"

तेव्हा पुलांचे, रेल्वे स्टेशनांचे फोटो काढायला बंदी होती. ती का होती हे मला कळतं. पुलाचा नकाशा शत्रूच्या हाती जाऊ नये हे फौजीला शिकवावं लागत नाही. सुभेदार साहेबांनी मला बोलावलं.

"नायक, कॅमेरा ताब्यात घ्या. रोल सील करा. पावती द्या. धुतल्यावर पुलाचा फोटो आपल्याकडं राहील, बाकीचे परत जातील."

"जी साब."

हुकूम साफ होता. रोल बाहेर काढायचा, कागदात गुंडाळायचा, लाख लावायची. पाच मिनिटांचं काम. पण तेवढ्यात कॉन्व्हॉयच्या सत्कारासाठी वाटेवर थांबलेला तालुक्याचा मोठा साहेब तिथं येऊन जीपमधून उतरला. हातात हार, मागं दोन पोलीस. त्याचं नाव मी लिहीत नाही, आणि तालुक्याचंही नाही.

"सील कसलं करताय?" तो मला म्हणाला. "देशात काय चाललंय? उघडा तो डबा, उन्हात धरा!"

गफूरभाई पुढं आले. "साहेब, रस्ता सरकारचा, तसा आमचा बी हाय. म्या माझ्या गावच्या पोरांचा फोटो काढला. पूल नको तर पुलाचा तेवढा फाडा. बाकीच्या अकरांचा काय गुन्हा? कुठं लिव्हलंय तसं, दावा."

"मला कायदा शिकवतोस?" साहेब ओरडला. पोलिसानं गफूरभाईंची कॉलर धरली. साहेब वळून मला म्हणाला, "बघत काय उभा राहिलास?"

मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि रोल ओढून उन्हात मोकळा केला. ऊन लागलं आणि बाराही फोटो गेले.

माझा साहेब वीस पावलांवर होता. त्याचा हुकूम माझ्या कानात होता. तरी हार घेऊन आलेल्या, माझ्याशी काडीचा संबंध नसलेल्या माणसानं आवाज चढवला आणि वर्दीतला मी त्याचा शिपाई झालो. त्या माणसाची मला शिसारी आहे. माझी जास्त आहे. सुभेदार साहेबांनी जे झापायचं ते झापलं आणि मला पुलाखाली तपासणीला पाठवून दिलं.

वर आलो तेव्हा बेल्ट बसला होता. दिगंबर गाडीत चढताना म्हणाला, "जाऊ द्या उस्ताद. माघारी आल्यावर दुसरा काढू." चेष्टा नव्हती, राग नव्हता. माझी नजर मात्र वर होईना.

सप्टेंबरमध्ये, सरहद्दीवरच्या उसाच्या एका शेतात, सकाळी ११.२० वाजता तो पडला. वायरलेसवर मीच होतो.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाव नको. नंबर सांग. ओव्हर."

मी नंबर सांगितला. दहन तिथंच झालं. खिशातलं आयकार्ड रक्तानं असं भिजलं होतं की त्यावरचा चेहरा पुसून गेला होता. त्या फोटोच्या दुसऱ्या प्रतीसाठी मी दोनदा अर्ज केला. उत्तर आलं नाही.

जानेवारीत रजा मिळाली. त्याची ट्रंक घेऊन मी वाडीवर गेलो. सोजराबाईनं एकेक कपडा काढला, झटकला, पुन्हा घडी घातली. तळाशी हात फिरवून म्हणाली, "फोटो न्हाय का एखादा, दादा? तिकडं कुणी काढला असंल."

"नाही, मावशी."

"रात्री डोळं मिटलं की लहानपणीचा दिसतो. मोठा झालेला दिसंना झालाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेन्शनच्या कागदांसाठी तिला घेऊन कचेरीत गेलो. मोठ्या साहेबाच्या खुर्चीमागं भिंतीवर एक फ्रेम होती. तोच पूल, सगळ्या कमानींसकट. तीच फुलांची गाडी. साहेब एका जवानाच्या गळ्यात हार घालत होता. मी पुलाखाली असताना त्यानं जिल्ह्याहून आणलेल्या स्टुडिओवाल्याकडून स्वतःचा फोटो काढून घेतला होता, हे मला नंतर कळलं. हार घालून घेणारा जवान दिगंबर होता.

सोजराबाई भिंतीशी गेली. काचेला नाक लागेल इतकी जवळ.

मी सावधानमध्ये उभा राहून म्हणालो, "साहेब, याची एक प्रत या बाईला द्या. हा तिचा मुलगा. लढाईत गेला."

त्यानं मागं वळून पाहिलं. कोणाला हार घातला ते त्याला आठवत नव्हतं.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण यात पूल आहे. प्रत बाहेर देता येत नाही. म्हणून तर निगेटिव्हसुद्धा मी जमा करून घेतली."

"मग ही प्रत भिंतीवर कशी, साहेब?"

"कचेरीत आहे ती. रेकॉर्ड म्हणून."

मी सॅल्यूट न करता बाहेर पडलो. एवढंच केलं, आणि ते काहीच नव्हतं.

सोजराबाई मग दर बाजारी चालत कचेरीत जायची. तिथला शिपाई भला होता, साहेब दौऱ्यावर असला की तिला आत सोडायचा. पावसाळ्याच्या आत साहेबाची बदली झाली. फ्रेम त्यानं सामानाबरोबर नेली. भिंतीवर खिळा राहिला. रेकॉर्ड कुठं गेलं हे कुणी विचारलं नाही.

पेन्शनीत आल्यावर मी एकदा कागद घेऊन सोजराबाईसमोर बसलो. फौजेत भरतीच्या वेळी जवानाचं वर्णन लिहितात, तसं लिहायला घेतलं. वाचून दाखवत होतो आणि ती मान हलवत होती. शिपाई दिगंबर. उंची पाच फूट सात इंच. रंग सावळा. केस काळे, दाट. डाव्या भुवईत जुनी खोक. पुढचा एक दात किंचित आडवा.

"आन् हसला की उजव्या गालालाच खळी पडायची," ती म्हणाली. "एकाच. ते लिवा."

लिहिलं.