जित्या माणसाच्या पट्ट्या

जिवंत माणसाच्या अंगावरून उतरलेले काहीही सोजरमावशी जाळू देत नसत. निजामाच्या अमलात केजजवळच्या एका लहानशा दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा झाडलोट आणि जखमांच्या पट्ट्यांची विल्हेवाट त्यांच्याकडे होती. पू भरलेल्या पट्ट्या आवारातल्या भट्टीत जाळाव्यात, एवढेच माझे मागणे होते. त्या मात्र पट्ट्या ओढ्यावर नेऊन धूत आणि बाभळीवर वाळत घालीत. खालच्या अंगाला बायका वाळूत झरे उकरून पिण्याचे पाणी भरीत.

मला आवाज चढवणे कधी जमले नाही. मी विनवणीच्या सुरात रोगजंतू समजावून सांगत असे. मावशी कमरेवर हात ठेवून ऐकत आणि म्हणत, "रगत जित्या माणसाचं हाय. आग मेल्याला देत्यात, डाक्टरसाब. बिचारा घरी भाकर खात बसला आन् तुमी हितं त्याला जाळायलेत!" रुग्ण माना डोलावत. "निदान पुरा तरी," म्हटले की, "पुरायचं बी मेल्यालाच की!" हे उत्तर तयार असे. एकदा मी स्वतः काडी ओढली, तेव्हा त्यांनी भट्टीत घागर ओतली. "सरकारी काडी वाया गेली बगा," हेही वर ऐकवले.

अखेर व्हायचे तेच झाले. पट्ट्या धुता धुता त्यांच्याच तळहाताची चीर पिकली. हात कोपरापर्यंत सुजला, तापात त्या बडबडू लागल्या. मी चिरा देऊन पू काढला आणि उतरलेल्या पट्ट्या, त्यांना न विचारता, रोजच्या रोज जाळल्या. हात वाचला. ताप उतरताच त्यांनी पहिला प्रश्न केला, "माज्या पट्ट्या कुटं हायत?"

"जाळल्या."

"समद्या?"

"सगळ्या."

मावशींनी हात उलटासुलटा करून पाहिला. "आन् मी जिती हाय," माझ्यावरच आरोप करावा तशा त्या म्हणाल्या.

त्यानंतर ओढ्यावर एकही पट्टी गेली नाही. माझा आनंद मात्र टिकला नाही, कारण पट्टी जाळल्यानेच जखम भरते, असा त्यांनी गावभर बोभाटा केला. माणसे औषधाआधी "जाळा" म्हणू लागली. कोऱ्या पट्ट्याही भट्टीत जाऊ लागल्या. जंतूंविषयी बोलणे मी सोडून दिले.

बदली होऊन निघालो, त्या सकाळी माझ्या कापलेल्या बोटाला चिंधी बांधलेली होती. मावशींनी ती सोडवली आणि थेट चुलीत टाकली. "जावा आता, तुमाला काय हुत न्हाई," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. त्या चुलीवर माझ्यासाठी दूध तापत होते. मी ते मुकाट्याने प्यालो.