टॉवरचा अभिषेक

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, नंतर चहा सांडेल. सव्वीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेल्या माणसानं एवढा गाढवपणा करावा, यावर माझाच अजून विश्वास बसत नाही.

मी राहायला कसब्यात, नोकरी हडपसरला, प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या कारखान्यात. मशिनं तापतात, म्हणून त्यांच्यातून सतत पाणी फिरत असतं, आणि ते पाणी पुन्हा गार होतं गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये. त्या पाण्यात जंतू वाढले की पाइपांना आतून बुळबुळीत थर धरतो. शेवाळासारखाच, पण फार चिवट. तो धरू नये म्हणून पाण्यात औषध टाकतात. औषध देणारे शेखभाई. अकरा वर्षं येतायत. माणूस सरळ, बोलणं मोजकं.

यंदा खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली. माझ्या मनात आलं, सगळ्यांना हार आणि टॉवरनं काय घोडं मारलंय? वर गेलो, फूल वाहिलं आणि तांब्याभर पंचामृत टाकीत सोडलं.

पंधरा दिवसांनी गाळणीवर जरा बुळबुळ दिसली. जराशीच, बरं का. पण मी धसका घेतला. शेखभाईंना औषध वाढवायला सांगितलं आणि, आता तुमच्यापासून काय लपवू, दर सोमवारी टॉवरला अभिषेक सुरू केला. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं साग्रसंगीत!

बुळबुळ वाढली. मग मी दूध वाढवलं. तांब्याची कळशी झाली. थर आणखी जाड झाला, मशिनं तापून बंद पडायला लागली. बायको म्हणाली, तुमचंच काहीतरी कमी पडत असेल. झालं, मी केळीही कुस्करून घातली.

शेवटी माझं डोकं फिरलं. आमच्या प्लँट हेड मॅडमना लेखी दिलं, शेखभाईंचं औषध भेसळीचं आहे, त्यांचं काम बंद करा. सोमवारी दहाला निर्णय होणार होता. अकरा वर्षांचं एका माणसाचं नाव मी एका कागदावर काळं केलं, आणि तेही छाती ठोकून.

त्या सोमवारी शेखभाई आठलाच पाण्याचा नमुना घ्यायला आले. मी वर कळशी ओततोय. ते शिडीपाशी बूट काढून उभे राहिले, माझं स्तोत्र संपेपर्यंत. मग शांतपणे म्हणाले,

"पानसेसाहेब, हे कधीपासून?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून."

"साखर पण असते?"

"पंचामृतात साखर असणारच की हो."

त्यांनी नमुन्याची बाटली टाकीत बुडवून उजेडात धरली. "म्हणजे मी जंतू मारतोय आणि तुम्ही त्यांना जेवायला वाढताय."

मी कळशी खाली ठेवली. अहो, दुधात जंतू वाढतात हे मला माहीत नाही का? घरी रोज दही मीच लावतो! पण पंचामृत म्हटल्यावर ते दूध-साखर आहे, हे डोक्यातच आलं नाही.

धावत मॅडमकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. नोकरी गेली, असंच धरून चाललो होतो. त्यांनी माझं पत्र माझ्यासमोर फाडलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी फक्त हार घाला."

हुश्श! खरं सांगतो, तेव्हा कुठे श्वास घेतला. शेखभाईंचं काम राहिलं, माझी नोकरी राहिली. टाकी रिकामी करून घासली, आठवड्यात मशिनं गारेगार. शेखभाईंची हात जोडून माफी मागितली, तर म्हणाले, आधी चहा पाजा.

मग त्यांचा अहवाल आला. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं असेल, या भीतीनं मी तो दोनदा मिटून ठेवला. शेवटी उघडला. आत एवढंच होतं: "पाणी ठीक. औषध ठीक. पानसेसाहेबांना सोमवारी गच्चीवर सोडू नये."

मॅडमनी त्याची प्रत गेटवर दिली. तेव्हापासून दर सोमवारी वॉचमन माझा डबा उघडून बघतो. दहीभात निघाला, की जिन्याला कुलूप.