हाड म्हणावं की दगड

काका गेल्याचं कार्ड नांदेडला आमच्या घरी पोचलं, तेव्हा त्यांचे दिवसही होऊन गेले होते. टपाल हल्ली कुठे कुठे अडून, उघडून पुढे येतं. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे कुणी गेल्याची बातमी, म्हणून आईने ते उंबऱ्यातच वाचलं आणि तिथेच खाली बसली. मला रडू आलं नाही. काकांना एक गोष्ट सांगायची होती, ती आता राहिली, एवढंच डोक्यात फिरत होतं...

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. ते लातूरला राहत आणि तामिरात खात्यात, म्हणजे सरकारच्या रस्ते-पुलांच्या खात्यात, ओव्हरसीअर होते. रेणापूरकडे एका पुलाचं काम चालू असताना चुन्यासाठी नदीच्या दरडीतून चुनखडीचे खडे काढून भट्टीत भाजत. एके दिवशी भट्टीवाला एक लांबोडकं, जड काहीतरी घेऊन दारात आला. "सायेब, हाड हाय म्हणावं तर ह्ये जळंना. वासबी न्हाई." काकांनी त्याचा तुटका कोपरा जिभेला लावला. जीभ चिकटली; साध्या दगडाला ती चिकटत नाही. काकूंनी आतून पाहिलं. "अहो, काय करून राहिलात! आधी चूळ भरा, मग घरात पाऊल टाका." काका म्हणाले, "अगं, हे ज्याचं आहे त्याचं सुतक कधीच फिटलं. तेव्हा माणूसच नव्हता धरायला."

मी हैद्राबादला इंग्रजी शाळेत शिकले. घरात बोलताना मराठी शब्द अडतो, म्हणून मी गप्प राहते आणि लोकांना तो शिष्टपणा वाटतो. काकांनी मात्र मला काम दिलं. त्यांच्याकडे एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. त्यातलं गुहांवरचं प्रकरण मी सुट्टीत त्यांना वाचून, मराठीत सांगत असे. तरसं आपली शिकार गुहेत ओढून नेतात, हाडं तिथेच राहतात. बाहेर ऊन, पाऊस, कोल्हेकुत्री त्यांचा वर्षभरात भुगा करतात. गुहेत माती चढते आणि छतातून चुन्याचं पाणी ठिबकत राहतं. इथे काका मला थांबवत आणि पुढचं स्वतः सांगत, कारण चुना त्यांना पुस्तकापेक्षा जास्त कळत होता. "ते पाणी हाडाच्या भोकाभोकांत शिरतं बघ. आतलं मऊ कुजून जातं, त्या जागी चुना बसतो. आकार हाडाचा, अंग दगडाचं. आपल्याकडे तसल्या गुहा न्हाईत, पण दरडीत गाळाखाली तेच होऊन राहिलंय." वर्षभरात त्यांच्याकडे असं एक पोतं भरलं. एक दात तर माझ्या मुठीत मावत नव्हता. हैद्राबादच्या संग्रहालयाला मी इंग्रजीत पत्र लिहिलं, आणि उत्तर आलं : पाठवा. त्या दिवशी काका दोनदा जेवायला विसरले.

या उन्हाळ्यात काकांनी मला लातूरहून नांदेडला पोचवायचं आणि तिथून पोतं रेल्वेने पाठवायचं असं ठरलं. अहमदपूरच्या अलीकडे नाक्यावर मोटार थांबली. हैद्राबाद संस्थानात सध्या दिवस कसे आहेत, नाक्यानाक्यावर कशी झडती होते, ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. सगळ्यांना उतरवलं, बायकांना एका बाजूला उभं केलं. नाक्यावरच्या जमादाराने पोतं रस्त्यावर ओतलं आणि मांडीचं हाड उचलून काकांपुढे धरलं. "क्या है पंत ये? हड्डी है तो मुर्दा किधर है? पत्थर है तो किसका सर फोड़ने ले जारें?" त्याची माणसं हसली. तो हसला नाही. काकांना तो कडुनिंबाखाली घेऊन गेला. ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. फक्त त्यांचे हात दिसत होते, चुना भोकांत शिरतो कसा ते दाखवणारे.

मग तो माझ्याकडे आला. "तुम बोलो बीबी. हड्डी या पत्थर?"

मला माहीत होतं. दोन्ही खरं आहे हे त्या मोटारीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण हाड म्हटलं की खून, एवढंच मला सुचलं. मी म्हणाले, "पत्थर."

"चचा तो हड्डी बोलरें." तो वळून मोठ्याने म्हणाला, "दोनों में झूठा कौन? उसको यहीं रख लेतूँ."

काका लगेच पुढे आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "बच्ची सच बोली. मी खोटं बोललो. पत्थर है साब, नदी का पत्थर."

"पत्थर है तो सड़क को काम आता," जमादार म्हणाला. शेजारी डागडुजीच्या खडीचा ढीग होता. त्याच्या माणसांनी सगळं त्यावर फेकलं आणि घण मारून फोडलं. दात दोन घावांत फुटला. काकांना जाऊ दिलं. नांदेडपर्यंत ते रिकाम्या पोत्याची घडी मांडीवर घेऊन बसले होते. उतरताना म्हणाले, "घरी सांगू नकोस, दादा काळजी करतील." मी का तसं बोलले हे त्यांनी कधीच विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही... दीड महिन्याने ते तापाने गेले.

कार्ड आल्यावर मी वडिलांबरोबर लातूरला जाऊन आले. काकू म्हणाल्या, "तिकडचा रस्ता तपासायला गेले की अहमदपूरच्या नाक्यापाशी सायकलवरून उतरायचे म्हणे. तेवढा तुकडा हातात सायकल धरून, वहाणा काढून चालायचे. रस्त्यावरच्या गँगची माणसं सांगून राहिली होती. असं का गं करायचे?" मी काकूंना सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला.

परतताना नाक्यावर मोटार पुन्हा थांबली. त्या ढिगाची खडी रस्त्यावर पसरून, दाबून झाली होती. मी खाली उतरले, वहाणा काढल्या आणि चालू लागले. पायाला लागत होतं. वडील मागून हाका मारत होते. वाटेत नाक्यावरचा एक जवान उभा होता, पूर्वीचा नव्हे. "क्या ढूँडरें बीबी? कुछ गिरा क्या?"

"हड्डी," मी म्हणाले.

त्याने खाली पाहिलं, आणि एक पाय उचलून बाजूला घेतला.