सुरमईच्या डब्यांचा पंच

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी जन्मात मासा तोंडात घातला नव्हता, आणि तरीही माशापायी त्यांच्याइतका मनस्ताप सोसलेला माणूस नाशकात दुसरा झाला नसेल. ते सरकारी अन्न निरीक्षक होते. कुणाच्याही घरी गेले की आधी ओट्यावरच्या बाटल्या उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचत, मग यजमानांकडे बघत. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाचा वास घेऊन वधूपित्याकडे असं पाहत की तो बिचारा उगाचच हात जोडी. डबाबंद पदार्थांवर त्यांचा विशेष राग. झाकण अंगठ्याने दाबून मला सांगत, "बेटा, डबा फुगला की समजायचं, आत भांडण चाललंय. आपण मध्ये पडायचं नाही." मी नुसती मान हलवायची. माझ्याशी बोलताना उत्तराची वाट न बघणारे कॉलनीत ते एकटेच, म्हणून मला ते आवडत.

लोक त्यांना टाळत, पण वेगळ्याच कारणाने. दुकानावर छापा घालायचा तर नमुने सील होताना हजर राहायला आणि सही करायला पंच लागतो, आणि पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढायची हौस कुणाला असते? काका रविवार कारंजाच्या चौकात दिसले की रिकामटेकड्यांनाही कामं आठवत. एकदा तर सलूनमधलं एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी मागच्या दाराने गेलं. सापडत ते फक्त माझे बाबा. बाबांना 'नाही' म्हणता येत नसे.

अशाच एका दुपारी काका त्यांना देवळाली कॅम्पातल्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. सुरमईच्या डब्यावरचं लेबल काकांनी नखाने खरवडलं, तर खाली दुसरं लेबल, दुसऱ्याच स्वस्त माशाचं, मुदत केव्हाच संपलेली. डबे बाबांच्या समोर लाखेने सील झाले. बाबांनी सही केली. प्रयोगशाळेचा अहवालही काकांच्या बाजूने आला. नोकरीभर त्यांच्या केसेस कुठल्या ना कुठल्या फटीतून निसटल्या होत्या. निवृत्तीआधी एक तरी टिकावी, एवढीच त्यांची इच्छा होती. "ही नाही सुटत," ते म्हणत.

सुनावणीला काही वर्षं लागली. तोवर दुकानाचे मालक आमच्या शाळेचे विश्वस्त झाले. आमच्या म्हणजे, मी जिथे इंग्रजीतून शिकत होते आणि बाबा जिथे कारकून होते, ती शाळा. एक दिवस मुख्याध्यापकांनी बाबांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. तेवढं पुरे होतं.

"पंच व्हायची हौस होती ना?" आई म्हणाली. "निस्तरा आता."

"मी खोटं बोलणार नाही."

"खोटं कोण बोला म्हणतंय? आठवत नाही म्हणा."

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी काका वर आले. "भाऊ, पाठबिठ काही करायचं नाही. पाहिलंत तेवढं सांगायचं." बाबा "हो" म्हणाले. त्या 'हो'त काही नव्हतं, हे मला आतल्या खोलीत कळलं. काकांना कळलं की नाही, कोण जाणे.

कोर्टात बाबांनी स्वतःची सही ओळखली. डबे समोर सील झाले का, ते मात्र त्यांना आठवलं नाही. केस सुटली. पेपरात कोपऱ्यात दोन ओळी आल्या, 'पंच फितूर'. हा शब्द मी मराठीच्या धड्यात वाचला होता. तो आमच्या घरी राहायला येईल असं वाटलं नव्हतं. त्या वर्षी स्नेहसंमेलनात मालकांनी माझ्या हातात बक्षीस ठेवलं आणि मी शुद्ध इंग्रजीत त्यांचे आभार मानले.

काका निवृत्त होऊन निफाडला गेले. जाताना सगळ्यांना भेटले, आम्हालाही. कोर्टाच्या त्या दुपारी बाबा त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून घरी आले होते, हे मी गॅलरीतून पाहिलं होतं. वाटेत काय बोलणं झालं, ते आईने खोदून विचारलं.

"गंगेवर, नदीकाठच्या गाड्यावर थांबून उसाचा रस पाजला," बाबा म्हणाले. "म्हणाले, भाऊ, बर्फ नका घेऊ. कुठल्या पाण्याचा असतो, सांगता येत नाही."